सतरावी रांग

जळगावच्या विमानात मागून चढतात.
चार-पाच पायऱ्यांची शिडी, धावपट्टीवर पंचेचाळीस डिग्री,
पाती थांबलेली, तरी बायका पदर घट्ट धरून.

माझी जागा पाचव्या रांगेत.
बॅग मात्र मी दाराशीच ठेवली,
सतराव्या रांगेवरच्या कप्प्यात, आडवी.
महिन्यातून तीनदा हैदराबाद करणाऱ्याला
उतरताना वाचणारी सहा मिनिटं ठाऊक असतात.
ठिबकच्या नळ्यांचे नमुने, दोन शर्ट, डबा.
नियम सात किलोचा. माझी साडेनऊ.
काट्यावर ठेवताना मी खालून बुटाचा आधार देतो,
हेही आता सांगून टाकतो.

मग सुपडाबाई निंबा महाजन आल्या, राहणार एरंडोल.
नाव कळलं, कारण बोर्डिंग पास त्यांनी
अख्ख्या विमानाला दाखवला.
काखेत गोधडीचं गाठोडं,
तान्ह्या मुलासारखं धरलेलं,
मुलापेक्षा बरंच गोल.

"मॅम, ये नीचे भेजना पडेगा,"
रिनपुई म्हणाली. मिझोरामची पोर, गळ्याला स्कार्फ, कपाळावर घाम.
"खाले नको बेटी, फुटी जाई. खापर शे."
"कपडा?"
"खापर वं. मांडानं."

रिनपुईनं गोधडीची कड उचलली.
पालथं मडकं, आतून काळं,
वीस-बावीस आखाज्यांची आच खाल्लेलं.
यंदा पोरीला सुटी नव्हती,
लिंबावरचा झोका रिकामाच राहणार होता,
तर आई निघाली होती मांडे घेऊन.
मांडे नव्हे,
मांडे जिथे होतात ती जागाच घेऊन.

"ये बॅग किसका है?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
कुंपणापलीकडे केळीचा एक हिरवा तुकडा होता, तो मोजत बसलो.
"किसका है, प्लीज?"
मी फोन विमान मोडवर टाकला.
तो आधीच होता.

बाराव्या रांगेतले चष्मेवाले उठले:
"ज्याची त्यानं आपल्या डोक्यावर ठेवावी, दुसऱ्याच्या कशाला?"
एक बाई म्हणाल्या, तिकीट आम्हीही काढलंय,
खापर काय हैदराबादला मिळत नाही?
(नाही मिळत. पण तेही मी बोललो नाही.)
मग कुणीतरी सोळाव्या रांगेतल्या पोराकडे बोट केलं,
कानात हेडफोन, मिटलेले डोळे.
"यांचीच असणार. बघा, ऐकूनच घेत नाही."
"आजकालची पोरं."
"संस्कारच नाहीत."

खरं खापर गोधडीत शाबूत होतं.
दुसरं फुटलं,
ज्याच्या माथ्यावर फुटायला नको त्याच्या.

पोरानं हेडफोन काढले.
सगळीकडे पाहिलं. मी सोडून सगळ्यांकडे, असं मला वाटलं.
उठला, स्वतःची सॅक काढली, पायांशी कोंबली,
गुडघे हनुवटीला लागले.
"ठेई दे माय," म्हणाला.
धुळ्याकडचा असावा.

विमान अजिंठ्याच्या डोंगरावरून वळलं.
मी पाणी दोनदा मागितलं.

उतरताना सगळे एकदम उभे राहिले, नेहमीसारखे.
माझी सहा मिनिटं गर्दीत गेली.
सतराव्या रांगेशी सुपडाबाई मान वर करून उभ्या.
"भाऊ, तुमना हात उंच शे. काढी द्या ना."

काढून दिलं.
दोन्ही हातांनी, श्वास धरून;
गोधडी सरकली आणि बाहीला काजळी लागली.
मग त्याच हातांनी
शेजारची बॅग ओढावी लागली.
चाकं कप्प्याच्या कडेवर खडखडली.
सोळाव्या रांगेतला पोरगा बुटाची नाडी बांधत होता,
बराच वेळ बांधत होता.

सुपडाबाईंनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे,
पुन्हा बॅगेकडे.
"भलती जड दिसस," म्हणाल्या,
आणि बाजूला होऊन
मला आधी जाऊ दिलं.